पॅरामीटर एरर (स्टोअर्ड प्रोसिजर)

अ‍ॅप्लिकेशनच्या कोडमधून डेटाबेसमधली स्टोअर्ड प्रोसिजर (तिथेच नावाने साठवून ठेवलेला कोड) चालवताना, पाठवलेले पॅरामीटर (तिला पुरवायच्या किमती) आणि प्रोसिजरला हवे असलेले पॅरामीटर यांचा मेळ न बसल्याने येणारा दोष. गफलत संख्येत, नावात, क्रमात, प्रकारात, लांबीत किंवा इनपुट-आउटपुट या दिशेत असू शकते.

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ऐरोली, घणसोली, महापे इथल्या आयटी पार्कांत किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये जुन्या प्रणालींची देखभाल करणाऱ्यांना हा दोष रोजच्या ओळखीचा. प्रोसिजर, म्हणजे बोलण्यातली ‘एसपी’, डीबीएच्या, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याच्या ताब्यात आणि कोड डेव्हलपरच्या. रात्री एसपीत एक पॅरामीटर वाढतो, नवा कोड सर्व्हरवर चढवणे, म्हणजे डिप्लॉयमेंट, मागे राहते आणि सकाळी सपोर्टचे फोन वाजू लागतात. ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ हे उत्तर अशा वेळी खरेही असते, कारण त्या मशीनची कनेक्शन स्ट्रिंग (कोणत्या डेटाबेसशी जोडायचे ते सांगणारी ओळ) टेस्टिंगच्या डेटाबेसकडे बघत असते.

एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसमध्ये सर्वाधिक भेटणारा एरर २०१ : अमुक पॅरामीटर अपेक्षित होता, पुरवला गेला नाही. पॅरामीटर खरेच राहिला असेल तर प्रश्न पाच मिनिटांत मिटतो. डोके खाणारी परिस्थिती वेगळी. पॅरामीटर कोडात समोर दिसतो आणि तरी डेटाबेस तो मिळाला नाही म्हणतो. डॉट नेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅमिंग प्रणालीत याची मुख्य कारणे तीन. एक, किंमत नल, म्हणजे रिकामी आहे. अशी किंमत डेटाबेसपर्यंत पोचतच नाही, त्यासाठी डीबीनल ही डेटाबेसला कळणारी रिकामी किंमत पाठवावी लागते. दोन, कमांडचा (डेटाबेसला कोडातून जाणाऱ्या आज्ञेचा) प्रकार ‘स्टोअर्ड प्रोसिजर’ असा सांगायचा राहिला; मग नाव साधा मजकूर म्हणून चालते आणि पॅरामीटर बाजूला पडून राहतात. तिसरे कारण फसवे आहे. डॉट नेटच्या सी शार्प भाषेत, समजा थकबाकीचा, पॅरामीटर बनवताना नावापुढे किंमत म्हणून थेट ० लिहिले, तर भाषा ते थकबाकीचे शून्य न मानता डेटाटाइपचा क्रमांक मानते आणि किंमत रिकामी राहते. १ लिहिले तर सगळे ठीक चालते. या नियमाला दुवा देणारा डेव्हलपर अजून सापडायचा आहे.

एरर ८१४४, म्हणजे जास्तीचे पॅरामीटर, बहुधा लूपमध्ये, म्हणजे तेच काम एकामागून एक नोंदींसाठी करताना येतो : समजा सोसायटीच्या पहिल्या सभासदाचे बिल निघते, दुसऱ्याला अडते, कारण जुने पॅरामीटर कमांडमधून साफ केलेले नसतात.

इतर डेटाबेसांपैकी मायएसक्यूएल एरर १३१८ मध्ये अपेक्षित किती आणि आले किती हे सरळ सांगते. पोस्टग्रेस मात्र ४२८८३ हा कोड देऊन ‘असे फंक्शनच नाही’ म्हणते; ते नाव आणि प्रकार दोन्ही जुळवून शोधत असल्याने नाव बरोबर असूनही प्रकार चुकला तरी हेच उत्तर. ओरॅकलमध्ये संख्या किंवा प्रकार चुकल्याचा पीएलएस-००३०६ येतो. ओरॅकलचा डॉट नेट ड्रायव्हर (कोड आणि डेटाबेस यांना जोडणारा भाग), वेगळे सांगितले नाही तर, पॅरामीटर नावाने न जुळवता क्रमाने जुळवतो. त्यामुळे ‘रक्कम’ आणि ‘दंड’ यांची अदलाबदल झाली तर दोन्ही आकडेच असल्याने एररही येत नाही, बिल तेवढे चुकते.

असे मुके दोषच जास्त महाग पडतात. घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या गृहसंकुलाची मेंटेनन्स बिलाची प्रणाली घ्या. एसक्यूएल सर्व्हरच्या प्रोसिजरमध्ये व्हारचार हा मजकुराचा प्रकार लिहून लांबी दिली नाही तर ती १ धरली जाते; सदनिका क्रमांकाचे पहिले अक्षर उरते, बाकीचे गुपचूप कापले जाते. ‘पाचपाखाडी’ हा पत्ता नेहमीच्या व्हारचार पॅरामीटरमधून गेला की नऊ प्रश्नचिन्हे साठतात, कारण काने आणि वेलांटी यांनाही स्वतंत्र कोड असतो. मूळ अक्षरे त्यातून परत मिळत नाहीत. पॅरामीटर आणि कॉलम दोन्ही एनव्हारचार, म्हणजे युनिकोड मजकुराच्या प्रकारचे हवेत. एसक्यूएल सर्व्हरच्या २०१९ च्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ कोलेशनचाही (व्हारचारमध्येच युनिकोड साठवू देणाऱ्या मांडणीचाही) मार्ग आहे. तारीख मजकूर म्हणून पाठवली आणि सर्व्हरची मांडणी अमेरिकी असली तर ०१/०५/२०२५ हा महाराष्ट्र दिन ५ जानेवारी होतो. महिन्याच्या बारा तारखेपर्यंत सगळे आलबेल दिसते, तेराव्या दिवशी एरर ८११४ येऊन बोंब होते आणि सगळे त्या दिवशीच्या बदलात दोष शोधत बसतात. तारीख तारखेच्याच प्रकारात पाठवावी.

शोध घेताना कोड वाचत बसण्याआधी, ज्या डेटाबेसशी अ‍ॅप्लिकेशन खरोखर जोडलेले आहे तिथली प्रोसिजरची व्याख्या पाहावी. एसक्यूएल सर्व्हरमध्ये सिस डॉट पॅरामीटर्स, ओरॅकलमध्ये ऑल आर्ग्युमेंट्स या व्ह्यूत (डेटाबेसच्या तयार यादीत) तिचे पॅरामीटर मिळतात. एकाच नावाची प्रोसिजर डेटाबेसच्या दोन स्कीमांत (कप्प्यांत) नाही ना, हेही तिथेच कळते. मग एसक्यूएल सर्व्हरच्या प्रोफायलर किंवा एक्स्टेंडेड इव्हेंट्स या नोंद ठेवणाऱ्या साधनांत प्रत्यक्ष गेलेला कॉल पकडून तो हाताने चालवावा.

आउटपुट पॅरामीटरचे, म्हणजे ज्यातून प्रोसिजर उत्तर परत देते त्याचे, पथ्य निराळे. डॉट नेटमध्ये मजकुराच्या आउटपुटला आकार द्यावा लागतो, आणि डेटा रीडर (निकालाच्या ओळी वाचणारा भाग) बंद होईपर्यंत त्याची किंमत हाती येत नाही. जावात आउटपुट आधी नोंदवावे लागते. तिथली पॅरामीटरची मोजणी शून्याऐवजी १ पासून सुरू होते.