समालोचन आठ सेकंद उशिरा का पोचतं?

अमेरिकेत शरद ऋतूतल्या शनिवारी कॉलेज फुटबॉल, म्हणजे विद्यापीठांच्या संघांमधलं अमेरिकन फुटबॉल, बघायला आलेले कितीतरी प्रेक्षक कानात रेडिओ लावून बसतात. आपल्याकडे कसोटी सामन्याला ट्रान्झिस्टर घेऊन जाणारे असत, तसेच. स्थानिक केंद्राची खरी परीक्षा हा श्रोता घेतो, कारण आवाज उशिरा आला की ते त्याला लगेच कळतं.

पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्राने ८ ऑक्टोबर १९२१ रोजी पिट्सबर्ग आणि वेस्ट व्हर्जिनिया या विद्यापीठांचा सामना थेट ऐकवला, तेव्हा हा प्रश्नच नव्हता. अ‍ॅनालॉग आवाज तारेतून आणि हवेतून जवळजवळ क्षणात पोचतो. उशीर आणला तो डिजिटलने. अमेरिकेतली बरीच एफएम केंद्रं एकाच फ्रिक्वेन्सीवर अ‍ॅनालॉग आणि डिजिटल असे दोन्ही संकेत पाठवतात. डिजिटल आवाज सांकेतिक रूपात बांधून पुन्हा उलगडायला सुमारे आठ सेकंद लागतात. गाडीतला रेडिओ डिजिटल संकेत तुटला की आपोआप अ‍ॅनालॉगवर जातो. तिथे उडी जाणवू नये म्हणून केंद्र अ‍ॅनालॉग आवाजही मुद्दाम तेवढाच मागे ठेवतं. एरवी हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मैदानातल्या श्रोत्याला मात्र टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण) झाल्यावर, जल्लोष ओसरू लागल्यावर, त्याचं वर्णन ऐकू येतं. म्हणून सामन्यापूर्वी ‘बॉलगेम मोड’ सुरू करतात. अ‍ॅनालॉगचा उशीर काढून टाकला जातो आणि मुख्य वाहिनीवर डिजिटल रेडिओही अ‍ॅनालॉगच ऐकवतात. सामना संपल्यावर हा मोड बंद करायला विसरण्याची चूक अगदी सहज होते.

मैदानातल्या समालोचन कक्षात मुख्य समालोचक, विश्लेषक, खेळाडू ओळखून बोटाने दाखवणारा ‘स्पॉटर’ आणि तंत्रज्ञ इतकी माणसं असली तरी काम निभतं. तोंडाजवळ माइक असलेले हेडसेट वापरतात, म्हणजे समालोचक दुर्बिणीतून बघायला वळला तरी आवाजाची पातळी पडत नाही. गर्दीचा माइक वेगळा, खिडकीबाहेर. गर्दीचा आवाज समालोचकाच्या माइकवरून पकडायला गेलं तर शब्द गर्दीत बुडतात.

मिक्सरमधून आवाज त्याचं डेटात रूपांतर करणाऱ्या कोडेक नावाच्या यंत्रात जातो आणि तिथून इंटरनेटवरून स्टुडिओत. इथे ठरलेली फसगत होते. सकाळी रिकाम्या स्टेडियममध्ये मोबाइल नेटवर्कवर चाचणी उत्तम होते आणि सामना सुरू झाला की आवाज तुटू लागतो. मिशिगन स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे. इतक्या लोकांनी फोटो पाठवायला घेतले की अपलोडची वाट तुंबते. म्हणून विद्यापीठाकडून तारेची इथरनेट जोडणी आधीच मागून घ्यावी आणि मोबाइल जोडणी फक्त राखीव ठेवावी. डेटाची पाकिटं मागेपुढे येतात, ती ओळीत लावण्यासाठी कोडेक थोडा बफर, म्हणजे डेटाचा साठा, ठेवतो. बफर वाढवला तर आवाज अखंड राहतो, पण उशीर वाढतो.

याच उशिरामुळे आणखी एक घोटाळा होतो. स्टुडिओकडून हेडसेटमध्ये परत येणाऱ्या आवाजात समालोचकाचा स्वतःचा आवाज मिसळलेला असेल, तर तो सेकंदाचा काही भाग मागे ऐकू येतो. सुमारे २०० मिलिसेकंद मागून आलेला स्वतःचाच आवाज ऐकताना भल्याभल्यांची जीभ अडखळते, कारण मेंदू बोलणं कानाच्या आधाराने सावरत असतो. त्यावर उपाय ‘मिक्स-मायनस’: परत पाठवायच्या आवाजातून समालोचक वगळायचा आणि त्याचा आवाज त्याला कक्षातल्याच मिक्सरवरून द्यायचा.

छोट्या गावातलं केंद्र बहुधा स्वतः मैदानात जात नाही. विद्यापीठाच्या नेटवर्ककडून उपग्रहाने किंवा इंटरनेटने आलेलं समालोचन ते पुढे पाठवतं. जाहिरातीची वेळ झाली की नेटवर्क एक संकेत पाठवतं, त्यावर स्थानिक संगणक जाहिरात लावतो. संकेत हुकला तर शांतता पसरते, म्हणून संगणकाजवळ माणूस बसवणंच शहाणपणाचं. दर तासाला, खेळ थांबल्यावर, केंद्राची ओळख-अक्षरं (केडीकेए यासारखी) आणि गावाचं नाव सांगणं कायद्याने बंधनकारक असतं. तेही यातच बसवायचं.

एएम केंद्रांचा त्रास सूर्यास्ताला सुरू होतो. दिवसा आयनांबराचा (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा) खालचा ‘डी’ थर एएम लहरी शोषून घेतो. अंधार पडला की हा थर विरतो, लहरी वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवर उतरतात आणि तिथल्या केंद्रांना त्रास देतात. म्हणून अनेक केंद्रांना सूर्यास्ताला शक्ती कमी करावी लागते किंवा प्रक्षेपणाची दिशा बदलावी लागते. नोव्हेंबरात दुपारी साडेतीनला सुरू झालेला सामना तीन तासांहून जास्त चालतो, म्हणजे निर्णायक शेवटच्या टप्प्यात दूरच्या श्रोत्याच्या रेडिओवर खरखर सुरू होते. अलीकडे अशी केंद्रं जोडीला छोटा एफएम ट्रान्सलेटर, म्हणजे तोच कार्यक्रम एफएमवर पाठवणारा प्रक्षेपक, ठेवतात. त्याची शक्ती जास्तीत जास्त २५० वॅट. तेवढ्यात गाव भागतं, पण लांबच्या शेतात अंधारात मका काढणाऱ्यापर्यंत तो पोचत नाही.