गोफणीची दोरी लांब केली तर ताण वाढेल की घटेल?

ज्वारी हुरड्यात आली की पाखरं तुटून पडतात. मग राखणदार माळ्यावर चढतो, गोफणीत गुंडा घालतो, डोक्यावर गरगर फिरवतो आणि भिरकावतो. गुंडा फिरत असताना दोरीवर ताण किती येतो?

समजा गुंडा 100 ग्रॅमचा, हातापासून 1 मीटरवर आणि सेकंदाला 3 फेरे. एका फेऱ्यात तो 6.28 मीटर जातो, म्हणजे चाल सेकंदाला सुमारे 18.8 मीटर. वस्तुमान गुणिले चालीचा वर्ग, भागिले त्रिज्या. उत्तर साधारण 35.5 न्यूटन. गुंड्याचं स्वतःचं वजन जेमतेम 1 न्यूटन! (गोफणीला दोन दोऱ्या असतात, तेव्हा प्रत्येकीच्या वाट्याला निम्माच ताण.)

इथवर बहुतेकांना जमतं. खरी गोची दोरी दुप्पट लांब केल्यावर होते. एक म्हणतो, त्रिज्या भाजकात आहे, ताण निम्मा होणार. दुसरा म्हणतो, उलट दुप्पट होणार. गंमत म्हणजे दोघंही बरोबर असू शकतात, कारण प्रश्नच अर्धवट आहे. चाल तीच ठेवली तर वळण सौम्य होतं आणि ताण निम्म्यावर येतो. पण सेकंदाला 3 फेरे तेच ठेवले, तर गुंड्याला प्रत्येक फेऱ्यात दुप्पट अंतर कापावं लागतं. चाल दुप्पट, तिचा वर्ग चौपट, त्याला दुप्पट त्रिज्येनं भागायचं: ताण 71 न्यूटन. सूत्रात आकडे घालण्याआधी काय कायम आहे ते शोधा. माझ्या मते निम्मं गणित तिथेच सुटतं.

हाताला ओढ बाहेरच्या बाजूला जाणवते, म्हणून गुंड्यालाही कोणीतरी बाहेर ओढतंय असं वाटतं. दोरी मात्र त्याला सतत आतच खेचत असते. ती सुटली की गुंडा त्या क्षणी ज्या दिशेनं चालला होता तिकडेच, स्पर्शिकेवरून सरळ निघतो. म्हणूनच समोरच्या थव्यावर नेम धरायचा तर गुंडा बाजूला असतानाच दोरी सोडावी लागते.

आणि दोरी अगदी आडवी कधीच होत नाही. गुंड्याचं वजन तोलायला ती किंचित खाली झुकलेली राहते. आपल्या उदाहरणात सुमारे दीड अंश.

उभ्या वर्तुळात फिरवलं तर ताण जागोजागी बदलतो. 1 मीटर दोरी सैल पडू नये म्हणून माथ्यावर सेकंदाला किमान 3.1 मीटर चाल हवी. तेवढीच असेल तर तिथे ताण शून्य, आणि तळाशी वजनाच्या 6 पट. जीर्ण दोरी तुटायची तर बहुधा तळाशीच तुटते.