खटका आणि क्लिक

‘सातबारा आता एका क्लिकवर’ ही बातमी. ‘दादा, आमचा एक फोटो क्लिक करता का?’ ही गडावर फिरायला आलेल्यांची विनंती. ‘चारदा वाचलं, पण पाचव्यांदा क्लिक झालं,’ हे गणित सोडवणाऱ्या मुलीचं बोलणं. एकच इंग्रजी शब्द तीन निराळी कामं करतो आहे आणि तिन्ही वाक्यांत आवाज कुठेच नाही. मुळात हा शब्द म्हणजे आवाजच होता.

इंग्रजीत तो सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून दिसतो. डच आणि जर्मन भाषांत त्याचे भाऊबंद आहेत. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ सालच्या आपल्या कोशात त्याचा अर्थ दिला तो बारीक, तीक्ष्ण आणि लागोपाठ होणाऱ्या आवाजाचा. मोठ्या, जाड आवाजाला ‘क्लॅक’ आणि लहान आवाजाला ‘क्लिक’. ही जाण आपल्यालाही अगदी ओळखीची आहे. दारावर टकटक होते आणि घड्याळाची टिकटिक. कावळ्याची कावकाव, पण चिमणीची चिवचिव. आवाज बारीक झाला की ‘अ’चा ‘इ’ होतो, हे मराठी कानाला कुणी शिकवावं लागत नाही.

पुढे कडी, कुलूप, बंदुकीचा घोडा असं जे जे जागेवर बसताना आवाज करतं, त्या सगळ्याला हा शब्द लागू झाला आणि तिथून तो माणसांवर आला. विसाव्या शतकात इंग्रजीत दोन अनोळखी माणसांचं पटकन जमलं तर ती ‘क्लिक’ झाली असं म्हणू लागले. एखादी गोष्ट अचानक उमगली तरी हाच शब्द. कुलपाची जीभ खाचेत नेमकी बसावी, तसं काहीतरी.

मला या सगळ्यात सर्वांत जवळची वाटते ती आपल्या ‘खटका’ या शब्दाची वाट, कारण तो अगदी याच रस्त्याने चालला आणि नेमका उलट गावी पोचला. ‘खट’ हा आवाज. त्यातून दाबायचा किंवा ओढायचा खटका आला: उंदराच्या सापळ्याचा, चाकूचा, दिव्याचा, फाशीच्या दोराखालच्या फळीचा. मग तोही मनात शिरला. पण ‘मला ते खटकलं’ म्हणजे पटलं नाही, कुठेतरी बोचलं. ‘त्या दोघांत खटके उडतात’ म्हणजे अजिबात जमत नाही. इंग्रजांनी त्या आवाजात बसणं ऐकलं, आपण आपटणं ऐकलं. आवाजाची नक्कल करणारे शब्द सगळ्या भाषांत सारखेच असणार असं वाटतं खरं, पण प्रत्येक भाषेचा कान आपलंच काहीतरी ऐकत असतो.

म्हणूनच यंत्रांचे आवाज आपल्याकडे आले तेव्हा मराठीने आधी त्यांना स्वतःची नावं दिली. तारऑफिसातलं यंत्र इंग्रजी कानाला क्लिक-क्लॅक करत असे. मराठी माणसाने त्याला ‘कट्ट कडकट्ट’ म्हटलं. भारतात तारसेवा लोकांसाठी १८५५ साली खुली झाली आणि २०१३च्या जुलैमध्ये बंद पडली. एवढ्या काळात तारेच्या आवाजासाठी मराठीला उसना शब्द घ्यावासा वाटला नाही.

‘क्लिक’ आपल्या घरांत शिरला त्यात कॅमेऱ्याचा वाटा मोठा आहे. जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये शंभर फोटोंचा रोल भरलेला कोडॅक कॅमेरा बाजारात आणला आणि जाहिरात केली, ‘तुम्ही बटण दाबा, बाकीचं आम्ही बघतो.’ फोटो काढणं म्हणजे एक बटण आणि एक आवाज, हे तेव्हापासून रूढ झालं. आपल्याकडे मध्यमवर्गाच्या कपाटात जो कॅमेरा होता त्याच्या नावातच हा शब्द होता: आग्फा क्लिक थ्री. बडोद्याला तयार होणारा, १२० नंबरच्या फिल्मवर बारा चौकोनी फोटो देणारा. मुंजीचे, सहलीचे, नव्या स्कूटरशेजारी उभं राहून काढलेले कितीतरी काळे-पांढरे फोटो त्याचे आहेत. गंमत अशी की तेव्हा ‘क्लिक’ हे कॅमेऱ्याचं नाव होतं, क्रिया मात्र ‘फोटो काढणे’ हीच राहिली. चित्र काढावं तसा फोटो काढायचा. हा वापर मला आजही जास्त गोड वाटतो.

क्रिया म्हणून ‘क्लिक’ आला तो संगणकाबरोबर. डग्लस एंगेलबार्ट आणि बिल इंग्लिश या अमेरिकी अभियंत्यांनी १९६४ मध्ये लाकडी ठोकळ्याचा पहिला माउस बनवला. त्याला एकच बटण होतं. ९ डिसेंबर १९६८ला सॅन फ्रान्सिस्कोत त्याचं जाहीर प्रात्यक्षिक झालं. १९८४ मध्ये ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश संगणक आला आणि बटण दाबण्याच्या कृतीला ‘क्लिक’ हेच नाव सर्वतोमुखी झालं. एकदा दाबलं तर निवड, लागोपाठ दोनदा दाबलं तर उघडणं.

मराठीत याला प्रतिशब्द सुचला नाही असं नाही. ‘टिचकी’ हा शब्द पुढे आला आणि मराठी विकिपीडियासारख्या ठिकाणी ‘येथे टिचकी मारा’ असं लिहिलंही गेलं. शब्द सुरेख आहे. बोटाची हालचाल, बारीकपणा आणि आवाज तिन्ही त्यात आहेत. पण टिचकी आपण कॅरमच्या स्ट्रायकरला मारतो, बाहीवर बसलेल्या किड्याला मारतो. टिचकीने समोरची वस्तू उडून जाते. माउसने ती उघडायची असते. मला वाटतं, टिचकी मागे पडली त्यात या अडचणीचाही हात असावा, नुसत्या इंग्रजीच्या ओढीचा नाही. तरी जिथे ती दिसते तिथे मला आनंदच होतो.

वाक्यात हा शब्द कसा बसला तेही पाहण्यासारखं आहे. इंग्रजीत ‘क्लिक’ नाम आहे आणि तोच क्रियापदही. मराठीने त्याला नाम म्हणूनच आत घेतलं आणि कामाला ‘करणे’ व ‘होणे’ जोडून दिले. ‘क्लिक केलं’ म्हणजे बोटाने, ‘क्लिक झालं’ म्हणजे डोक्यात. इंग्रजीत जो भेद वाक्याच्या संदर्भावर सोडलेला आहे, तो मराठीत क्रियापदानेच स्पष्ट होतो. मग आपले प्रत्यय लागले: क्लिकवर, क्लिकने, क्लिकसरशी. सुरुवातीचा ‘क्ल’ मात्र आपल्या बोलीच्या जिभेला परका आहे. क्लेश, क्लिष्ट असे संस्कृतातून आलेले शब्द सोडले तर तो फारसा भेटत नाही. म्हणून ‘इथं किलिक कर’ असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा ती चूक नसते, मराठी जिभेने त्या शब्दाला दिलेली वळणदार फोड असते.

‘नाटक क्लिक झालं नाही’ असं लिहिणाऱ्यांना मात्र मी थांबवेन. तिथे ‘जमलं नाही’ हे दोन शब्द पुरेसे आहेत. डोक्यात प्रकाश पडण्यासाठी तर आपल्याकडे ‘ट्यूब पेटली’ आहे, तीही उसन्या वस्तूवरूनच घडवलेली, पण घडण अस्सल मराठी.

आता फोनच्या काचेवर बटणही उरलं नाही. कॅमेऱ्याचा आवाज मुद्दाम वाजवावा लागतो. जपानमध्ये विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनांत तर तो बंदच करता येत नाही, न कळत कुणाचा फोटो काढला जाऊ नये म्हणून. आवाज गेला, कृती उरली आणि त्या कृतीचं नाव ‘क्लिक’.

पण खरा आवाज झाला की मराठी माणूस अजून आपल्याच शब्दाकडे वळतो. कुलूप खटकन लागतं, पेनाचं टोपण टकदिशी बसतं, काडी कटकन मोडते. हे ‘कन’ आणि ‘दिशी’ आपल्या आवाजांना सहज चिकटतात. ‘क्लिककन’ मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.