बॅटरीलाही ऊन लागतं

उन्हाळ्यात फास्ट चार्जरला लावलेली इलेक्ट्रिक कार बंद असूनही घरघरत असते. पंखा जोरात फिरतो, एसीचा काँप्रेसर सुरू होतो आणि आत तर कुणीच बसलेलं नसतं. ही सगळी खटपट तळाशी बसवलेल्या बॅटरीसाठी चाललेली असते.

गाडीची बॅटरी म्हणजे अनेक छोट्या सेलचा मिळून बनलेला पॅक. सेलमधून वीज वाहताना त्याच्या अंतर्गत रोधामुळे, म्हणजे विजेच्या वाटेतल्या अडथळ्यामुळे, उष्णता निर्माण होते. प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट. हिशेब करून पाहू. समजा, ४० युनिटचा, ३०० किलो वजनाचा पॅक आहे आणि त्याचा एकूण रोध ०.१ ओहम. १०० अँपिअरला १ किलोवॉट उष्णता निघेल, तर २०० अँपिअरला ४ किलोवॉट. म्हणजे न्हाणीघरातले दोन गीझर एकदम चालू. ही उष्णता बाहेर काढलीच नाही, तर अर्ध्या तासात पॅक साधारण २४ अंशांनी तापेल. मे महिन्यात नागपुरात ४२ अंशांपासून सुरुवात केली, की थेट ६६. लिथियम-आयन सेलला मानवतं ते साधारण १५ ते ३५ अंश! अर्थात गाडीचं सॉफ्टवेअर तिथवर वेळ येऊ देत नाही, आधीच प्रवाह कमी करतं. भर उन्हाळ्यात चार्जिंग रेंगाळतं, ते बऱ्याचदा यामुळेच.

तापलेली बॅटरी म्हटलं की आपल्याला आग आठवते. आग भयंकर खरी, पण क्वचितची. रोजचं नुकसान मुकाट होतं. सेलमधल्या ग्रॅफाइटवर एक पातळ थर असतो. उष्णतेने तो जाड होत जातो आणि कामाचं लिथियम त्यात कायमचं अडकतं.

निसान या जपानी कार कंपनीला हा धडा भर बाजारात मिळाला. २०१० च्या अखेरीस अमेरिकेत आलेल्या तिच्या 'लीफ' या इलेक्ट्रिक कारच्या बंदिस्त पॅकमध्ये ना पंखा होता, ना द्रव फिरवणारी नळी. रचना साधी, स्वस्त, आणि थंड हवेच्या भागात पुरेशी. पण ॲरिझोनातल्या फीनिक्सचा उन्हाळा चाळिशीच्या वर असतो. २०१२ मध्ये तिथल्या मालकांच्या लक्षात आलं, की डॅशबोर्डवर बॅटरीची क्षमता दाखवणाऱ्या बारा पट्ट्या एकेक करून विझत आहेत. तक्रारी वाढल्या, तेव्हा कंपनीने क्षमतेचीही वॉरंटी दिली आणि पुढे उष्णता जास्त सोसणारी बॅटरी आणली. त्याच काळातल्या 'शेवरले व्होल्ट' या गाडीत मात्र सेलच्या मधून द्रव फिरत होता.

हवेपेक्षा द्रव सरस का? तेवढ्याच आकारमानाचं पाणी हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेतं. म्हणून पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण सेलखालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांतून फिरवतात. आपल्याकडच्या नेक्सॉन ईव्हीतही द्रवशीतनच आहे. पण नुसता रेडिएटर द्रवाला बाहेरच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. बाहेरच ४२ अंश असतील, तर एसीच्या वायूची मदत घ्यावी लागते. काँप्रेसर सुरू होतो तो त्यासाठी.

माझ्या मते खरं कसब गार करण्यापेक्षा सगळे सेल सारखे गार करण्यात आहे. पॅकमध्ये शंभरेक सेल एकापुढे एक जोडलेले असतात आणि सगळ्यात थकलेला सेल पूर्ण रांगेला थांबवतो. द्रव पहिल्या सेलपाशी गार असतो, शेवटच्याशी पोचेपर्यंत कोमट. त्यामुळे शेवटचे सेल आधी म्हातारे होतात. हा फरक पाच अंशांच्या आत ठेवायला नळ्यांची वळणं आखताना अभियंत्यांचा घाम निघतो.

स्कूटरमध्ये एवढ्या सरंजामाला जागाच नसते. बहुतेकींची उष्णता ॲल्युमिनियमच्या पेटीतूनच बाहेर पडते. २०२२ मध्ये पुण्यासह देशात अनेक ठिकाणी ई-स्कूटर पेटल्या, त्यानंतर बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस-१५६ हे मानक कडक झालं: सेलमध्ये पुरेसं अंतर हवं, तापमानाचे सेन्सर जास्त हवेत. तरी उन्हातून आलेली स्कूटर लगेच चार्जिंगला लावू नये. थोडा वेळ सावलीत उभी करावी, मग वायर जोडावी.