दात्याच्या एनके पेशी रुग्णावर उलटतात का?

‘दात्याच्या एनके पेशीही रुग्णावर उलटतात’ हा समज अजून फिरतोय. एनके, म्हणजे ‘नॅचरल किलर’, या बाधित आणि कर्करोगाच्या पेशी मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी. रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींच्या (अस्थिमज्जेच्या) प्रत्यारोपणानंतर दात्याच्या पेशींचा रुग्णाच्या त्वचा, यकृत, आतड्यांवर होणारा हल्ला, म्हणजे जीव्हीएचडी, मुख्यतः टी-पेशी, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी, घडवतात.

एनके पेशींचे ‘किर’ रिसेप्टर समोरच्या पेशीवर ओळखीचा एचएलए रेणू (पेशीच्या पृष्ठभागावरची ओळखखूण) शोधतात. सापडला की हात आवरतात; नाही तर पेशी मारू शकतात. अर्ध्या जुळणीच्या प्रत्यारोपणात (दाता-रुग्णाचे एचएलए अर्धेच जुळतात तेव्हा) रुग्णाच्या कर्करोगपेशींवर हा ओळखीचा रेणू नसू शकतो आणि हेच पथ्यावर पडतं: इटलीतील पेरुजियाच्या संशोधक गटाने २००२ मध्ये दाखवलं की एएमएल (एक तीव्र रक्तकर्करोग) परतण्याचं प्रमाण घटतं, जीव्हीएचडीही वाढत नाही. मात्र त्या कलमातून (दात्याकडून दिलेल्या पेशींमधून) टी-पेशी जवळजवळ पूर्ण काढलेल्या होत्या, ही अट सोयीस्करपणे विसरली जाते. प्रौढांच्या एएलएलमध्ये (दुसऱ्या एका तीव्र रक्तकर्करोगात) तो फायदा दिसला नव्हता.

शिवाय प्रत्यारोपणानंतर महिन्याभरात एनके पेशींची संख्या भरून येते, पण बऱ्याच अपरिपक्व असतात. नुसत्या आकड्यावर भिस्त नको.