पट्ट्यांचा मुखवटा की लगद्याचा?

शाळेतून ‘पेपर मॅशेचा मुखवटा करून आणा’ एवढाच निरोप येतो आणि घरात दोन वेगळी कामं सुरू होतात. आई रद्दी भिजत घालते, ताई फुग्यावर कागदाच्या पट्ट्या चिकटवते. दोन्हींना नाव तेच, पण साहित्य, लागणारे दिवस आणि तयार होणारी वस्तू वेगळी.

पट्ट्यांच्या पद्धतीत कागद अखंड राहतो. वर्तमानपत्राच्या दोन-तीन सेंटीमीटर रुंद पट्ट्या हाताने फाडायच्या, कात्रीने कापायच्या नाहीत. फाडलेली कड विरळ होते आणि खालच्या थरात मिसळून जाते. कापलेली कड रंग दिल्यावरही उठून दिसते. एक वाटी मैदा आणि चार-पाच वाट्या पाणी शिजवून खळ करायची. बुरशी लागू नये म्हणून चमचाभर मीठ चालेल, पण पुस्तकं बांधणारे बाइंडर खळीत मोरचूद घालतात, तसं आपण घालू नये. ते विषारी आहे आणि पोरांची बोटं तोंडात जातात. पहिला थर नुसत्या पाण्यात भिजवलेल्या पट्ट्यांचा, म्हणजे साच्यातून मुखवटा सहज सुटतो. मग खळीचे चार थर, एक आडवा, एक उभा. एक थर वर्तमानपत्राचा आणि पुढचा जुन्या वहीच्या पानांचा लावला, की कुठे जागा राहिली ते मुलांना आपोआप कळतं. साचा फुग्याचा असेल तर तो उन्हात ठेवू नका. आतली हवा तापून फुगा ताणतो, कधी फुटतोच.

लगद्यात मात्र कागद मोडतो. रात्रभर भिजवलेली रद्दी खलबत्त्यात कुटायची किंवा भरपूर पाण्याबरोबर मिक्सरमधून काढायची, पंच्यात घालून पिळायची आणि खळ किंवा फेव्हिकॉल घालून कणकेसारखी मळायची. बांबूच्या टोपल्या, सुपं आपल्या आज्या मेथी वाटून घातलेल्या ज्या लगद्याने लिंपायच्या, तो हाच. मेथीने त्याला चिकटपणा येतो. लगद्याला हवा तो आकार देता येतो: नाक, भुवई, गालाचा उंचवटा. पण त्यात पाणी फार असतं. वाळताना तो आकसतो, आणि जाड थापला तर वरचा पापुद्रा सुकूनही आत ओल राहते. मग तडे जातात. जुलै-ऑगस्टच्या कोल्हापुरी पावसात तर त्याला बुरशीच धरते. म्हणून अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड थापू नये. हवं तर वाळल्यावर वर आणखी द्यावा.

माझं मत स्पष्ट आहे. चौथी-पाचवीच्या मुलांनी चेहरा पट्ट्यांचाच करावा. हलका होतो, पडला तरी सहसा फुटत नाही आणि पोरांना तो स्वतःच्या हाताने पुरा करता येतो. लगदा फक्त उठावापुरता. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या दाजीपूरच्या गव्याचा मुखवटा करून पाहा. ज्या गव्यांसाठी १९५८ साली अभयारण्य झालं, तो आपल्या मुलांना ओळखीचाच. रुंद तोंड आणि कान पट्ट्यांचे, दोन शिंगांमधला कपाळाचा उंचवटा लगद्याचा, शिंगं पुठ्ठ्याच्या सुरळीवर पट्ट्या गुंडाळून. नुसत्या लगद्याने ही शिंगं केली तर वजनाने वाकतात. फुग्याऐवजी शाडूचा साचा हवा असेल, तर शाडू कोल्हापुरात गंगावेशीच्या किंवा बापट कॅम्पच्या कुंभारांकडे विचारावी. तिच्यावर नाकाडोळ्यांची ठेवण फुग्यापेक्षा कितीतरी चांगली येते.

रंगाआधी पांढऱ्या रंगाचा एक हात द्यावाच, नाहीतर बातम्यांचे मथळे खालून दिसत राहतात. डोळ्यांची भोकं पूर्ण वाळल्यावर पाडावीत आणि ब्लेड मोठ्यांनीच धरावं.

शिक्षकांना एकच विनंती. डायरीत ‘पट्ट्यांचा’ की ‘लगद्याचा’ हे लिहून द्या, आणि लगद्याचा हवा असेल तर वाळायला निदान आठवडा हाताशी ठेवा.