सिंगल सिलेंडर सुपरमोटो : कार्बचं भांडण नेमकं कुठून सुरू झालं

सुपरमोटो म्हणजे डांबर आणि माती दोन्हीवर पळवायची डर्ट बाईक, याहून जास्त सांगत बसत नाही, डर्ट बाईकला 17 इंची चाकं आणि मोठी डिस्क का लावतात हे माहीत असलेल्यांसाठीच हे लिहितोय. भांडण आहे कार्बचं, म्हणजे कार्ब्युरेटरचं, इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून देणाऱ्या भागाचं, पण त्याआधी अगदी सुरुवातीचा इतिहास पटकन उरकतो. 1979 मध्ये कॅलिफोर्नियातल्या कार्ल्सबाड ट्रॅकवर खास टीव्हीसाठी एक रेस भरवली गेली, मोटोक्रॉसवाले, फ्लॅट ट्रॅकवाले आणि रोड रेसिंगवाले सगळे एकाच ट्रॅकवर, थोडा डांबरी थोडा मातीचा, बघू तरी सगळ्यात तयारीचा रायडर कोण ते. 1985 नंतर टीव्हीवाल्यांचा इंटरेस्ट संपला, पण तोपर्यंत हे खूळ फ्रान्सला पोचलं होतं आणि खेळ म्हणून ते तिथेच रुजलं. वर्ल्ड चॅम्पियनशिप व्हायला 2002 उजाडलं.

पहिल्या काळात 500 सीसीच्या टू-स्ट्रोक मोटोक्रॉस गाड्याही धावायच्या, आणि आजच्या रायडिंग स्टाईलमधला एक मोठा फरक इथून येतो. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग जवळजवळ नसतंच, त्यामुळे कॉर्नरच्या आधी मागचं चाक सरकवायचं तर काम पायाच्या ब्रेकचं. मोठ्या फोर-स्ट्रोक सिंगलचं (एका सिलेंडरच्या इंजिनाचं) बरोबर उलटं. चौथ्या गिअरवरून दुसऱ्यावर टाकलं आणि क्लच एकदम सोडला की मागचं चाक टकटक उड्या मारायला लागतं, सरकणं राहिलं बाजूला. मग क्लच बोटावर अर्धवट धरून हळूहळू सोडायचा, पुढच्या ब्रेकने वजन पुढे ओढून ठेवायचं आणि मागचं अलगद बाहेर येऊ द्यायचं, ही पद्धत बसली. स्लिपर क्लच आला तो याच्यासाठीच. तो लावला की बोटाचं बरंचसं काम क्लच स्वतः करतो, काही जुने लोक याला चीटिंग म्हणतात, म्हणोत बापडे.

पाय बाहेर की गुडघा खाली, हा वाद पण जुनाच आहे पण माझ्या मते फार ताणलाय. माती, ओला पॅच, घट्ट हेअरपिन असेल तर पाय पुढे टाकून गाडी आपल्या खाली दाबायची आणि अंग सरळ ठेवायचं, म्हणजे पुढचं घसरलं तरी सावरायला जागा राहते. लांब, वेगाचा, स्वच्छ डांबरी कॉर्नर असेल तर गुडघा. संपलं.

खरी गोष्ट ट्यूनिंगची. 1990 च्या दशकात रस्त्यावरची सुपरमोटो म्हणजे 600 च्या पुढचे दणकट सिंगल, केटीएमचं एलसी4 वगैरे, टॉर्क भरपूर पण जड आणि हाताला मुंग्या आणणारे. 1998 मध्ये यामाहाची वायझेड400एफ आली आणि फोर-स्ट्रोक सिंगल टू-स्ट्रोकसारखा वर रेव्ह करू शकतो हे सगळ्यांनी बघितलं. त्या गाडीवर केहिन कंपनीचा फ्लॅट-स्लाईड एफसीआर कार्ब होता. इथून पुढे प्रत्येकाला तोच हवा झाला.

आणि मग सुझुकीने घोळ घातला. 2000 च्या सुमारास डीआर-झेड400 आली ती वेगवेगळ्या रूपात, त्यातल्या दोन महत्त्वाच्या. 'ई' मॉडेल ऑफ-रोडचं, त्याला 39 मिमीचा एफसीआर. 'एस' मॉडेल रस्त्याचं, त्याला मिकुनी कंपनीचा 36 मिमीचा सीव्ही कार्ब. 2005 ला 'एसएम' आली, म्हणजे कंपनीतूनच सुपरमोटो, फोर्क चांगले, चाकं बरोबर, पण इंजिन आणि कार्ब 'एस'चे. झालं, 398 सीसीचं तेच इंजिन, बाजूच्या गाडीला भारी कार्ब आणि आपल्याला साधा, ही खुपणारी गोष्ट तिथपासून आजपर्यंत चालू आहे.

सीव्हीमध्ये तुम्ही मूठ पिळली की फक्त बटरफ्लाय (हवेच्या वाटेतली झडप) उघडतो, स्लाईड (हवेची वाट अडवणारा सरकता भाग) वर उचलायची की नाही हे व्हॅक्यूम ठरवतो. त्यामुळे तो चुकीची मूठ माफ करतो, उंचावर गेलात तरी बऱ्यापैकी सांभाळून घेतो, मायलेज बरं देतो. पण पिळणं आणि पिकअप यात एक छोटा उशीर राहतोच. एफसीआरमध्ये केबल सरळ स्लाईड ओढते आणि वर ॲक्सिलरेटर पंप पेट्रोलची पिचकारी मारतो. कॉर्नरमधून बाहेर पडताना मागचं चाक नेमकं किती फिरवायचं हे मनगटात येतं, आणि सुपरमोटोला पीक पॉवरपेक्षा हेच जास्त लागतं. म्हणून मी एफसीआरच्या बाजूचा, लपवत नाही.

पण त्याच्या भक्तांनी एक गोष्ट कायम गाळली. 'ई' जोरात पळायची ती एकट्या कार्बमुळे नाही, तिचं कॉम्प्रेशन (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते) 12.2 होतं आणि 'एस'चं 11.3, व्हॉल्व्ह उघडणारे कॅमही वेगळे. ते सगळं श्रेय कार्बच्या खात्यावर जमा झालं आणि लोकांनी महागडा एफसीआर आणून बंद एअरबॉक्सवर (इंजिनाला हवा देणाऱ्या फिल्टरच्या पेटीवर) बसवला, मग म्हणाले काही फरक नाही. फरक कसा पडणार, इंजिन श्वासच घेत नव्हतं. उलट सीव्हीवाल्यांनी एअरबॉक्सच्या वर साधारण तीन बाय तीन इंचाचं भोक पाडलं, मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) मोठा केला, पेट्रोल आवरणारी नीडल थोडी उचलली, सायलेन्सर मोकळा केला आणि थोड्या खर्चात अर्धी लढाई मारली. (नुसतं भोक पाडून जेट तसाच ठेवणारेही होते, गाडी लीन होऊन, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी पडून, थ्रॉटल सोडला की फटफट फुटायची आणि इंजिन तापायचं.) एफसीआरचे नखरेही खरे आहेत, थंड इंजिनला दोन-तीनदा मूठ पिळून सुरू करा, पंपाची पिचकारी लांबली की एकदम पिळल्यावर गाडी क्षणभर बुडते, मग पंपाच्या लिव्हरला छोटी ओ-रिंग बांधून पिचकारी लवकर आणि थोडक्यात संपवायची. हा ओ-रिंगचा जुगाड वायझेडवाल्यांपासून डीआर-झेडवाल्यांपर्यंत सगळ्यांनी केलाय.

बोअर (सिलेंडरचा व्यास) वाढवून 434 किंवा 440 सीसी करणं नंतर आलं आणि तिथे सीव्ही खरंच कमी पडायला लागला, त्यामुळे तो वाद बिग-बोअरवाल्यांपुरता तरी मिटला.

दरम्यान युरोपात एमिशनचे नियम आवळत गेले आणि कार्ब बाजूला पडला. केटीएमची 690 एसएमसी 2008 पासून फ्युएल इंजेक्शनवर, आता जेटऐवजी मॅप, म्हणजे पेट्रोल किती सोडायचं याचा इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला तक्ता. 2019 च्या 690 एसएमसी आरमध्ये तर एबीएसला वेगळा सुपरमोटो मोड आहे, मागचा एबीएस बंद, म्हणजे स्लाईड करायची परवानगी सॉफ्टवेअरकडून. 2024 ची डुकाटी हायपरमोटार्ड 698 मोनो म्हणजे 659 सीसीचा सिंगल, 77.5 हॉर्सपॉवर, 116 मिमीचा पिस्टन, आणि रेव्ह 10,000 च्या वर. आणि सगळ्यात गंमत म्हणजे 2024 च्या शेवटी सुझुकीने डीआर-झेड4एसएम दाखवली, राईड-बाय-वायर (केबलऐवजी इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल), ट्रॅक्शन कंट्रोल, स्लिपरसारखा क्लच, पॉवर मात्र 38 हॉर्सपॉवरच्या आसपासच. भांडायला कार्ब उरला नाही तर आता ईसीयू फ्लॅश करायचा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलायचा) की नाही यावर जुंपलीय, आणि एअरबॉक्स कापणारे तेव्हाही पहिले होते, आताही तेच पहिले आहेत.